चेनची खांदेमळणी

मोटारसायकलच्या चेनला काय घालावं, या विषयात नगर जिल्ह्यात एकही माणूस अडाणी नाही, हे मला यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. तोवर मी माझ्या चेनकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भिंगारच्या घरून शाळा, शाळेतून घर आणि दर रविवारी कर्जतजवळच्या वस्तीवर वडिलांकडे, एवढं सगळं ती बिचारी करकरत ओढत होती. आमच्या शाळेत कुरकुरल्याशिवाय कुणीच काम करत नाही, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. उन्हाळ्यात त्यांनी बैलजोडी विकली. गुडघे साथ देईनात, वैरण-पाणी होईना. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे वस्तीवर आता ते आणि रिकामा गोठा. एका रविवारी मी पोचलो तर गव्हाणीत ताजी वैरण टाकलेली. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं, आणि दोघंही पावसाबद्दल बोलू लागलो. त्यांना चार दिवस भिंगारला न्यायचंच, असं मी ठरवलं. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. राहिली माझी गाडी.

"करकरतंय त्ये," आबा म्हणाले. "मी न्हाई बसनार."

आबांनी जन्मभर बैलगाडी हाकली. ज्याच्या गाडीचा आस वाजतो त्यानं चारचौघांत तोंड दाखवू नये, असं त्यांचं मत. "वंगन घालायची अक्कल न्हाई, आन पोरांस्नी शिकिवतो," हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

मग मी अक्कल शोधायला निघालो.

आमच्या मेस्त्रीनं चेन बघितली आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा आवाज काढला. "सर, जळकं ऑइल मारायचं. दुसरं काय बी नाय." जळकं ऑइल म्हणजे दुसऱ्या गाड्यांच्या इंजिनातून काढलेलं काळं पाणी. ते मारून मी कर्जतला निघालो. वाटेत फुफाटा, त्यात हे ऑइल, त्यामुळे वस्तीवर पोचेपर्यंत चेनवर कणकेसारखा गोळा झाला होता आणि माझ्या पँटच्या मागे थेट कंबरेपर्यंत नक्षी उमटली होती. आबांनी ती नक्षी नीट न्याहाळली. "धोतार पांढरं हाय माजं," एवढंच म्हणाले.

मग शाळेतले विज्ञानाचे सर. त्यांची गाडी लडाखला जाण्यासाठी घेतलेली आहे आणि गेली चार वर्षं ती रोज शाळेपर्यंत जाते. त्यांनी मला पूर्ण मधली सुट्टी चेनच्या कडीतल्या रबरी रिंगांवर व्याख्यान दिलं. ओल्या हवेचा स्प्रे वेगळा, कोरड्या हवेचा वेगळा. "तुमच्याकडे हवा कशी?" त्यांनी विचारलं. दुष्काळी कर्जतच्या माणसाला हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. वर त्यांनी व्हिडिओ पाठवले. त्यात पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ आधीच लख्ख असलेली चेन आणखी लख्ख करत होता. मी असले अकरा व्हिडिओ पाहिले. बायको म्हणाली, लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हतीत.

शेवटी कोरड्या हवेचा स्प्रे आणला. आधी चेन धुवायची असते, हे अकराही व्हिडिओंत सांगितलं होतं. पण धुण्याचा भाग मी पुढे ढकलून पाहायचो, कारण तो कंटाळवाणा होता. स्प्रे मारला, निघालो. नगर सोडेपर्यंत चेन गप्प होती. मिरजगाव येईस्तोवर तिला कंठ फुटला आणि वस्तीवर पोचलो तेव्हा आबा आधीच मान हलवत होते.

पोळ्याचा आदला दिवस रविवारी आला. दुपारी जेवून मी ओसरीवर आडवा झालो. जाग आली तेव्हा आबा गाडीजवळ पोत्यावर बसलेले. शेजारी डिझेलचा डबा, जुना ब्रश आणि काळ्या चिंध्यांचा ढीग. चेन कडी-कडी दिसेल इतकी स्वच्छ धुतलेली, एरंडेल लावून पुसलेली. इथवर ठीक होतं. पण आबांच्या मांडीवर एक वाटी होती आणि त्या वाटीतलं हळद-लोणी ते दोन बोटांनी माझ्या चेनला चोळत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात. याला आमच्याकडे खांदेमळणी म्हणतात. ती गाडीची करतात, असं मी तरी ऐकलं नव्हतं.

"आबा! अहो, लोणी कुठं लावता? धूळ बसंल, रबर जाईल!" अकरा व्हिडिओंचं ज्ञान माझ्या तोंडून उसळलं.

आबांनी वरही पाहिलं नाही. "गाडी वढतंय कोन? चेनच ना? मंग खांदा त्योच."

मी चिंध्या गोळा करू लागलो. चेन संपली तरी वाटी अर्धी भरलेलीच होती. आबांनी सवयीनं दोन बैलांपुरतं कालवलं होतं. त्यांनी वाटीवर फडकं बांधलं, काठी घेतली आणि उठले.

"चल. बसतो."

"भिंगारला?" मला खरंच आनंद झाला.

"भिंगारला. पर आदी मिरजगावच्या म्होरं जरा थांबायचं."

मिरजगावच्या पुढे ज्या वस्तीवर बैल विकले होते, तिथं आम्ही गेलो. सगळ्या वाटेत चेननं चकार शब्द काढला नाही. मालकानं गोठा दाखवला. त्यानं खांदे मळलेले होते, मोठ्या निगुतीनं. आबा म्हणाले, "आसू द्या, दोन डाव मळलं म्हून काय बिघडतंय?" आणि त्यांनी एकेक करून दोघांचे खांदे सावकाश मळले. मळून झालं की बैलांच्या कानाशी सांगायचं असतं, 'आज आवतान घ्या, उद्या जेवायला या.' आबा वाकले.

"आज आवतान घ्या," म्हणाले, आणि थांबले.

पुढचं त्यांना म्हणता येईना. जेवायला या म्हणायचं तर कुठं? उद्या बैलांचं ताट या दारात मांडलं जाणार होतं. आबा तसेच वाकून उभे राहिले आणि मी, ज्याच्याकडे सगळ्यावर काही ना काही खोचक बोलणं असतं, तो चपलेनं माती उकरत राहिलो.

मग ते माझ्या मागे बसले. गुडघ्यांमुळे त्यांना आधार लागतो, म्हणून भिंगारपर्यंत त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून ठेवले होते. हात त्यांनी धुतले नव्हते.

घरी बायकोनं शर्ट पाहिला आणि विचारलं, ही खांद्यांना हळद कसली. हळदीचा डाग कशानं जातो यावरही अकरा व्हिडिओ असतीलच. मी शोधले नाहीत.