थांबवायचं बटण

कपाट आवरताना जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट हाती आला. रेकॉर्डिंगचं लाल बटण अजून नवं आहे आणि चालू कार्यक्रम थांबवायच्या बटणावरची खूण पार पुसून गेली आहे. हा बॉक्स घ्यायला मी आईवडिलांसोबत पौडच्या दुकानात गेलो होतो. वडिलांची मुळशीत भाताची गिरणी होती. तिच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, पण घरात हे कुणी बोलायचं नाही. मालिकेतलं एक वाक्य त्यांना सांगेपर्यंत आईची पुढची चार निसटायची. दुकानदार शेकडो तासांच्या रेकॉर्डिंगचं असं वर्णन करत होता, जणू आमच्या टीव्हीवर रोज इतिहास घडत होता. आईनं सवयीच्या मोठ्या आवाजात त्याला अडवलं, "ते ऱ्हाऊ द्या. चालू कारेक्रम मधीच थांबतो का?" "कशाला थांबवायचा?" वडिलांनी संशयानं विचारलं. "अवो, फोडणी द्याया उठावं लागतंय मला," ती म्हणाली. बॉक्स घरी आला आणि अर्ध्या तासाची मालिका तासभर चालू लागली. आई चित्र थांबवायची, वडिलांच्या कानाशी वाकून वाक्य सांगायची आणि पुन्हा सुरू करायची. स्वयंपाक मालिकेआधीच उरकलेला असायचा. मग आठवड्यानं एका संध्याकाळी नायिका रडत काहीतरी म्हणाली, तेव्हा वडिलांनी स्वतःच रिमोट उचलून बटण दाबलं आणि कान आईकडे करून म्हणाले, "हं, दे फोडणी."