पपईतला टकाचोर

“उद्या जाळं लावू. टकाचोर बठ्ठ्या पपया खाई टाकस,” माझे आजोबा, आबा, त्या दुपारी शेजारच्या नानांना सांगत होते. सोनगीरजवळच्या आबांच्या शेतात मी सुट्टीला जायचे. अहिराणी समजायची, पण इंग्रजी शाळेतली पोरगी बोलली की सगळे हसत, म्हणून मी गप्प असे.

लांब शेपटीचा तो तांबूस पक्षी पिकल्या पपईला भोकं पाडायचा, हे खरंच. पण भेंडीतल्या अळ्या टिपून निंबावरच्या पिल्लांना भरवतानाही मी त्याला सकाळभर पाहिलं होतं. जाळ्यात तोच अडकला असता. आता मेहरूण तलावाकाठी टकाचोराची हाक ऐकली की ती दुपार आठवते.

“मॅडम, तुमचं काय म्हणणं?” नानांनी चिडवलं.

“आबा, जाळं नको. तो अळ्या बी खाई टाकस.”