पदकाच्या कडेला कोरलेलं नाव

इंदूमावशी गेल्याचं तिच्या शेजारच्या जिग्नाबेनच्या फोनवरून कळलं. "मासी सवारे ऊठ्यां ज नहीं," एवढं बोलून त्या रडू लागल्या. मी पोहोचलो तेव्हा पर्वत पाटिया भागातल्या तिच्या दोन खोल्या शेजारणींनी आवरून ठेवल्या होत्या आणि मावशी शाळेला निघाल्यासारखी नीटनेटकी दिसत होती. सुरतेच्या मराठी शाळेत तिने आयुष्यभर शिकवलं. मला वाचायची गोडी तिनेच लावली. पण आज लिहायचं आहे ते तिच्या वडिलांच्या पदकांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय मावशी सांगता येत नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मराठा पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले. दुसऱ्या महायुद्धात आधी आफ्रिकेच्या वाळवंटात, मग इटलीत लढून ते सुभेदार-मेजर म्हणून परतले आणि थोड्याच काळात वारले. मावशी तेव्हा लहान होती. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तिला आठवायचा तो फक्त त्यांच्या बुटांच्या पॉलिशचा वास... आणि मागे राहिली होती पदकं. दर खंडेनवमीला आजी ती शस्त्रांच्या जागी पाटावर मांडायची. त्याआधी चिंच आणि राख लावून मावशीकडून घासून घ्यायची. लग्न होऊन सुरतेला आल्यावर, आजीच्या माघारीही, मावशीने हा नेम मोडला नाही. पदकांच्या फिती विरल्या तेव्हा तिने बाजारातून साडीच्या किनारी आणून लावल्या.

आपल्यामागे ही पदकं कुठे जाणार, याची काळजी तिला अलीकडे लागली होती. भाद्रपदात पलटणीच्या संग्रहालयाचं काम पाहणारे एक निवृत्त सुभेदार जवळच कामरेजला लेकीकडे आल्याचं कळलं, तेव्हा तिने त्यांना घरी बोलावून घेतलं, आणि मलाही.

"सुभेदारसाहेब, चहा गोड लागेल. इथे राहून आमची जीभ सुरती झालीय."

"असू द्या आजी. आमचं जावई तर वरणातबी गूळ घालत्यात."

मग त्यांनी पदकं हातात घेतली आणि अंगठ्याने चाचपून पाहिली. पदकांवरचा इंग्रज राजाचा चेहरा पार गुळगुळीत झाला होता. ना नाक, ना दाढी, नुसती चकचकीत चकती.

"आजी, पदक घासायचं नसतं बघा," ते हळू आवाजात म्हणाले.

मावशीने पदर मुठीत धरला. "म्हणजे मी बाबांना घासून टाकलं?"

तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सुभेदारांनी खिशातून भिंग काढलं, पहिल्या युद्धाचं पदक आडवं धरलं आणि खिडकीपाशी गेले. कड फिरवत फिरवत थांबले. मग, सवयीने असेल, ताठ उभं राहून त्यांनी वाचलं, "शिपाई सखाराम निकम." दुसऱ्या युद्धाचं पदक उचललं. "सुभेदार-मेजर सखाराम निकम."

एका माणसाची सगळी नोकरी त्या दोन कडांच्या मध्ये होती.

"राजाचं तोंड लाखो पदकांवर हाय, आजी. आम्हाला हे नाव पायजे असतं. पण एवढं घासून कड कशी राहिली? अक्षर न् अक्षर लागतंय."

मावशीने पदक हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. मग हसली. "आता मला दिसत नाही, म्हटलं तेही गेलं असेल... आई कधी त्यांचं नाव घेत नव्हती. वाचायला तर येतच नव्हतं. पण रजेवर आले असताना त्यांनी तिला दाखवलं होतं, हे बघ, इथे मी आहे. मला घासायला बसवलं की म्हणायची, कडेला राख लावू नकोस गं, तिथं ते आहेत. मी आपली तेवढं पाळत आले."

सुभेदारांनी पदकं नेण्याबद्दल विचारलं. "खंडेनवमी होऊ द्या," मावशी म्हणाली.

त्या नवमीला चिंच भिजत घातली गेली नाही. मावशीने पदकं कोरड्या मलमलीने पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून आधी शिपायाचं, मग सुभेदार-मेजरचं नाव मोठ्याने घेतलं. मुलीने वडिलांचं नाव घ्यायला हरकत ती कसली? तरी घरातल्या कुणाच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पदकं सुभेदारांबरोबर गेली. दिवाळी झाली आणि मावशीही गेली. तिच्या जाण्याचं दुःख आहेच, पण नवमीच्या त्या सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते कळत नाही.

परवा सुभेदारांचा फोन आला. काचेची पेटी तयार होती. "तोंड समोर करून मांडायची पद्धत हाय," ते म्हणाले, "पण ह्यांना तोंडच नाही. कसं ठेवू?"

मावशीने काय सांगितलं असतं, ते मला शोधावं लागलं नाही. म्हटलं, "कडेवर उभी ठेवा. पेटीवर कुणी वाकलं तर आधी नाव दिसेल, अशी."