लाल रेघ आणि टिकली

असले अनुभव मी आजवर फक्त वाचत आलो, तेही तोंडी लावण्यापुरते. विश्वास म्हणाल तर शून्य! गाडी बंद पडली की लोक लिंबू-मिरची बदलतात, मी बोनेट उघडतो. पण एकदा बोनेटच्या खालीच जे दिसलं, ते सांगतो. हसायचं तर खुशाल हसा.

राजूरला जालना रोडवर माझं गॅरेज आहे. साधारण दोन हजार सहा-सातची गोष्ट. माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पिंपळगाव रेणुकाईचे. त्यांच्या आईच्या, माईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिसला दाजी त्यांना स्वतःच्या डिझेल जीपमधून जालन्याला नेत. आणि नेमकी तीच जीप इंजिन तापलं की रस्त्यातच बंद पडायला लागली. थंड झाली की मुकाट चालू... जणू काही झालंच नाही!

स्कॅनर जोडला तर एकच तक्रार - क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. सोपं करून सांगतो. इंजिनात खालचा शाफ्ट म्हणजे क्रँक, तो पिस्टन हलवतो. वरचा कॅम, तो व्हॉल्व्ह उघडतो. दोघांच्या टोकाला एकेक गिअर, आणि त्यांवरून फिरणाऱ्या एका चेननं दोघांना बांधलेलं असतं. कोण कुठवर फिरलाय, हे दोन सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवत राहतात. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की कॉम्प्युटर इंजिन बंद करतो.

मी दोन्ही सेन्सर बदलले. वायर न् वायर तपासली. तरी पुढच्याच फेरीला जीप पुन्हा बंद. माईंना धाप लागलेली, एका टेम्पोवाल्यानं दया येऊन जालन्याला पोचवलं. दुसऱ्या दिवशी दाजी जीप ओढून माझ्या दारात घेऊन आले.

"पाव्हणं, उद्या माईचं डायलिसिस हाये," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणला, आता चुकलं तर पाणी फुप्फुसात चढंल. तुमच्यानं होत नसंल तर तसं सांगा, म्या दुसरी गाडी बघतो."

"होईल दाजी," मी म्हणालो.

चतुर्थी होती. बाहेर राजूरच्या गणपतीला निघालेल्या लोकांचा गलका, भरदुपारचं ऊन. मी चेनवरचं कव्हर खोललं. चेन ठीक. गिअरवरच्या कंपनीच्या खुणा एकदम बरोबर जुळलेल्या. म्हणजे दोष कुठंच नाही! मी डोकं धरून बसलो. मग दिवा जरा जवळ नेला, आणि कॅमच्या गिअरवर लाल रेघ दिसली. रेघेच्या टोकाला एक टिकली.

माझे हात जागच्या जागी थांबले.

मी काम शिकलो जालन्यात, नाना मिस्त्रींच्या हाताखाली. जोडलेले दोन भाग पुढं सरकले तर कळावं म्हणून नाना दोन्हींवर मिळून एकच रेघ मारत. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, भाग हलला. रंग म्हणून त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, लाल नखपॉलिश. आणि शेवटी एक टिकली. "रेघ गाडीची, टिकली तुझ्या काकूची. बाटली तिची हाये ना, मंग!" असं म्हणून स्वतःच हसत.

हे कव्हर त्या दिवशी पहिल्यांदाच उघडलं होतं, कंपनीचा गोंद मीच खरवडला होता. आणि नाना वारले तेव्हा ही जीप बाजारातही आली नव्हती.

रेघ अर्धी गिअरवर, अर्धी शाफ्टवर. मधोमध तुटलेली, काडीभर सरकलेली. गिअर काढला तर त्याला शाफ्टवर पक्कं धरणारी आतली पिन झिजलेली निघाली. तापलं की गिअर शाफ्टवर सरकत होता. कंपनीच्या खुणा गिअरवरच असतात, त्यामुळे त्या कायम जुळलेल्याच दिसणार. ती रेघ नसती तर मी तिसऱ्यांदा सेन्सरच बदलले असते, आणि माई... नको तो विचार.

नवा गिअर आणि पिन जालन्याहून मागवली. दुसऱ्या दिवशी माई वेळेवर पोचल्या.

मला मात्र चैन पडेना. कंपनीतल्या कुणीतरी रंग लावला असेल, हे मान्य. पण टिकली? शेवटी जुना गिअर पिशवीत घालून काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. "येड्या, काहीतरीच बोलून राह्यला," असं त्या म्हणाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

काकूंनी टिकलीवरून बोट फिरवलं. आत जाऊन नखपॉलिशची बाटली आणली. आतला रंग कधीच वाळून खडा झालेला, झाकणसुद्धा फिरेना.

"ते गेल्यावर म्या ही उघडलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या माईचं बराबर झालं ना?"

"झालं काकू."

"मंग बरं." त्यांनी गिअर मांडीवर घेतला. मग माझ्याकडे न बघताच, अगदी हळू विचारलं, "आन् विलास... माझं काही इचारलं का रे त्यांनी?"

ती रेघ कुणी मारली, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मी निघालो तेव्हा काकू बोट टिकलीवर ठेवून तशाच बसलेल्या. गिअर परत मागायची माझी हिंमत झाली नाही.