जुळ्यातला एक नदीपल्याड

कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत साहेबांना अन् मडमांना डोलीत बसवून नेणारे पुष्कळ होते, पण नाव झालं ते आम्हा दोघा जुळ्या भावांचं. डोलीला एक माणूस पुढं, एक मागं. आमची उंची सारखी, पाऊल सारखं, त्यामुळं चढणीलासुद्धा डोली हिंदकळत नसे. लोणावळ्याच्या बंगल्यांतून निरोप यायचा, "ते जुळेच पाठवा." आम्हाला शेजारी उभं करून फोटो काढत. एका मडमेनं तर आमची नाकं बोटांनी मोजून बघितली. मला असा संताप आला म्हणता! भाऊ मात्र हसत उभा.

"मोजू दे की रं," म्हणाला, "नाक काय झिजतंय व्हय?"

माझ्याआधी घटकाभर जन्मला होता, तेवढ्यावर माझ्यावर थोरलेपणा गाजवायचा.

मग मानमोडीचा ताप आला. घरोघर माणसं पडू लागली. आमच्या घरात भाऊ पडला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उठता येईना.

आमच्यात एक रीत होती. जुळ्यातला एक अंथरुणाला खिळला की दुसऱ्याला नदीपल्याड धाडायचं. जुळ्यांचा जीव एकच, जाणारा हाक मारतो आणि हाक ऐकणाराही जातो, अशी समजूत. वडील आधीच गेलेले. दोन्ही पोरं एकदम जातील या धास्तीनं आईला घास उतरत नव्हता. तिनं माझ्या हातात भाकरी बांधून दिली.

"परंदवडीला मामाकडं जा. इंद्रायणी वलांडून. सांगावा आल्याबिगर यायचं न्हाई."

"त्याला सांगून तरी जातो, आये."

"बोलायचं न्हाई त्याच्याशी! माझी शपथ हाय तुला."

गेलो. सगळं आईच्या शपथेवर ढकलता आलं असतं, पण खोटं कशाला लिहू? मला मरणाची भीती वाटत होती. नदी ओलांडली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

मामाचं भात कापणीला आलं होतं. मी विळा चालवत राहिलो. रोज वाटे, आज निघावं. मामी अडवायची, "दोगंबी गेलासा तर आयनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" पाचव्या दिवशी विळा टाकला. म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात, मरायचं तर बरोबर मरू. इंद्रायणीच्या काठी पोचलो तर गावचा माणूस समोरून येताना दिसला. माझ्यासाठीच सांगावा घेऊन निघाला होता. भाऊ आदल्या दिवशी गेला होता, आणि सगळं उरकलंही होतं.

एकट्यानं डोली काय उचलणार? मी लोणावळ्याला रेल्वेत लागलो. आईला तिथंच आणली, पण आमचं बोलणं कामापुरतं. अशी किती वर्षं गेली. एकदा भांडणात माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला वाटलं असंल, मी भिऊन पळालो."

आई धुणं पिळत होती, ती थांबली.

"न्हाई रं लेकरा. तुला नावं ठेवून गेला न्हाई त्यो."

मग तिनं सांगितलं. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला होता. उठून बसला, वाटीभर पेज प्याला, आणि मला हाका मारायला लागला. किती समजावलं तरी थांबेना. आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. हाक पोचली तर मी तिकडं मरेन, एवढंच तिच्या डोक्यात. शेवटी तिनं त्याला सांगितलं, "तुजा भाऊ परंदवडीला तापानं मेला. आता हाका मारू नगंस." बरा झाला की खरं सांगू, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"मंग?" मी विचारलं.

"गप झाला. लय रडला. सकाळी पेज पुढं केली तर म्हणाला, 'आता कशापायी?' वाटी सारली त्यानं. फिरून घोटभर पाणीबी घेतलं न्हाई. दिस मावळायला गेला."

आईनं लुगड्याचा पिळा परत हातात घेतला. तिला बोल लावायला मला तोंड कुठं होतं? तो बरा होऊन मला हाका मारत होता, आणि मी जिवाच्या भीतीनं परंदवडीत भात कापत होतो.