सोजरबाईचा डावा पाय

निमोण्याची सोजरबाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून ती पायांकडून आली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे गावात शाळेतले गुरुजीसुद्धा मानतात. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई तिला घोंगडीत गुंडाळून आत कोंडायची. वीज काही पडली नाही. साठीपर्यंत गावाच्या पाठी मात्र तिच्या दारात येत राहिल्या. उंबऱ्याशी पालथं पडायचं, ती न बोलता डावा पाय तीनदा दाबून फिरवणार, आणि माणूस कण्हत का होईना, चालत घरी जाणार. पैसे तिने कधी घेतले नाहीत. मान घेतला, आणि तो तिला फार आवडायचा. खोटं कशाला बोला!

चैत्रात तिचा मुलगा विनोद कांद्याच्या चाळीवर पत्रा ठोकायला चढला आणि पाठीवर खाली आला, ओट्याच्या दगडी कडेवर.

"आये, पाठ गेली," तो म्हणाला. "पायाला मुंग्या आल्यात."

"हलवून दाखव."

त्याने दोन्ही पाय हलवून दाखवले. शेजारचा हौसराव जीप काढायला निघाला होता, तो थांबला. "काकी, उसणच हाय ही. तुमी घरात असताना शिरूरच्या दवाखान्याला हेलपाटा कशाला?"

सोजरबाईच्या मनात काहीतरी खुटखुटलं. पण जमलेली चार माणसं तिच्या पायाकडेच बघत होती. विनोदला पालथा केला. पहिल्यांदा पाय फिरवला तेव्हा तो ओरडला. दुसऱ्यांदा जास्त ओरडला. तिसऱ्यांदा ओरडायचा थांबून म्हणाला, "आये, मुंग्या गेल्या."

सगळ्यांना हायसं वाटलं. "ऊठ आता," हौसराव म्हणाला. विनोदला उठता येईना.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवला. मणका फुटून त्याची कपची आतल्या मज्जारज्जूत घुसली होती. "पडल्यावर पाय हलत होते म्हणता," डॉक्टर म्हणाले. "मग नंतर पाठीवर कुणी दाब दिला होता का?"

विनोद छताकडे बघत पटकन म्हणाला, "न्हाई. कुणीच न्हाई." त्याची बायको भाग्यश्री सासूकडे एकदा बघून खाली बघायला लागली.

आता तळेगाव ढमढेऱ्याहून नीलम नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा व्यायाम द्यायला येते. एकदा तिने विनोदच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि पाय टणकन उडाला.

"उडाला! माझ्या लेकाचा पाय उडाला!" सोजरबाई डब्यातली मूठभर साखर घेऊन धावत आली. नीलमचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"आजी, काय झालं ते त्यांना विचारा."

विनोद डोळे मिटून पडला होता. "काय झालं?" तो म्हणाला. "मारलं व्हय?"

मग नीलमने समजावून सांगितलं. मेंदू म्हणजे घरातला स्टार्टर, पाय म्हणजे विहिरीवरची मोटर. मध्ये पाठीच्या कण्यातून जाड केबल जाते, तिला फुटलेल्या नसा पार नखापर्यंत पोचतात. काही नसा खालची खबर वर नेतात, काही वरचा हुकूम खाली आणतात. तुटलं त्याच्या वरचं सगळं शाबूत राहतं, हात, बोलणं, आठवण. काळजाला तर हुकूमही लागत नाही, ते झोपेतही चालतं. पण तुटल्याच्या खाली ना हुकूम जातो, ना तिथली खबर वर येते. म्हणून तर लघवीला नळी. "आणि गुडघ्यावर मारलं की कणाच परस्पर उत्तर देतो. मेंदूला कळतसुद्धा नाही."

"म्हंजी पाय जिता हाय?"

"जिवंत आहे, आजी. त्यांच्या ताब्यात नाही."

"पुन्ना जुळंल की!"

"हातापायातली नस कधी कधी हळूहळू वाढते. कण्यातली बहुतेक नाही वाढत."

सोजरबाईने साखर परत डब्यात टाकली. तळहाताला चिकटलेली तिने पदराला पुसली.

गेल्या आठवड्यात हौसराव वाकडा होत दारात आला. "काकी, उसण भरलीया. तेवढा पाय लावा." आणि तो सवयीने उंबऱ्याशी पालथा पडला. सोजरबाईने, तीही सवयीनेच, पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला आणि मग तिने तो जमिनीवर टेकवला.

"ऊठ हौसराव. दवाखान्यात जा."

"अवो पर तुमच्या पायाला गुण हाय!"

"ह्या पायानंच माझ्या लेकाचे पाय गेले."

एवढं तिने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. आत खाटेवर विनोद जागा होता, भाग्यश्री त्याचं अंग पुसत होती. दार उघडंच होतं. सोजरबाई हौसरावाकडे न बघता आत कान देऊन उभी राहिली. दवाखान्यात विनोद किती पटकन न्हाई म्हणाला होता. आज आतून नुसता पाण्यात फडकं पिळल्याचा आवाज आला.