सोनाबाईंनी सारवलेली ट्रेंच

जीप टेकाडापाशी थांबली तरी माझं बोलणं थांबलं नव्हतं. दौंड स्टेशनवर सरांना घेतल्यापासून मी त्यांना एकाच घराबद्दल सांगत होतो. सर म्हणजे आमच्या उत्खननाचे प्रमुख. ते फार बोलत नसत, त्यामुळे मला भरपूर वाव मिळाला. ट्रेंचच्या काठावर उभं राहून मी हात पुढे केला, "हे बघा, सर," म्हटलं आणि खाली बघितलं.

ट्रेंच सारवलेली होती. ताज्या शेणाने, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, बोटांचे अर्धगोल सुबक उमटवून. एका कडेला रांगोळीचं कमळही होतं.

ट्रेंच म्हणजे उत्खननासाठी आखून घेतलेला चौकोनी खड्डा. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी शिरूरचा, आडनाव तांबोळी, तेव्हा साइट सुपरवायझर होतो. राहू गावाच्या बाजूला भीमेकाठी एक पांढऱ्या मातीचं टेकाड होतं. आपल्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं पिढ्यानपिढ्या एकाच जागी राहिली की चुलीची राख, शेणकूर, पडक्या भिंती यांची माती साठत जाते आणि टेकाड उंचावतं. या टेकाडात तीन हजार वर्षांमागचे लोक राहून गेले होते. तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारे, गुरं पाळणारे, धान्य पेरणारे. या मुलखात गाव वसवायला सुरुवात केली ती अशाच लोकांनी.

अडचण एवढीच की पांढरी माती खत म्हणून उत्तम. टेकाडाचे मालक आबा दर उन्हाळ्यात गाड्या भरून ती शेतात पसरायचे. त्यांनी आम्हाला सर येईपर्यंतची मुदत दिली होती. इथं घरं आहेत असं सरांनी पाहून सांगितलं, तर यंदा माती उचलायची नाही. नाहीतर उद्यापासून गाड्या.

घराचा पुरावा होता पोस्टहोल. लाकडी मेढी कुजून जातात, पण त्या रोवलेल्या खळग्यात भुसभुशीत माती भरते आणि जमिनीत गोल डाग राहतो. असे डाग ओळीने दिसले की झोपडीचा आकार मिळतो. आदल्या दिवशी मावळतीला आम्हाला अर्ध्या वर्तुळात असे डाग दिसले होते. ते बोटभर उकरून ठेवले. फोटो आणि नकाशा सकाळी करायचा होता, पण सकाळी मला स्टेशनवर जायचं होतं.

"तांबोळी, हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"सारवण आहे, सर."

"ते दिसतंय मला."

पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या मुकादम सोनाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. मी तडकलोच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"आता ह्येबी सांगाय लागतंय व्हय? काल तुमीच म्हनला, ही सारवल्याली जिमीन हाय, हे कुनाचं तरी घर हाय म्हून. आन् आज मोठं सायेब येनार. पाव्हनं यायच्या वक्ताला घर काय उलल्यालं ठिवत्यात?"

"आणि ते खळगे?"

"घुशीनं बिळं केली हुती. बुजवून टाकली चांगली."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आबा काठावर उकिडवे बसले होते. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, पण मला तो ऐकू आला. "म्हंजी आता घरबी न्हाई आन् फोटूबी न्हाई. मंग मी उद्या गाड्या जुपतो, सायेब."

सरांनी चहा मागितला आणि ते लिंबाखाली जाऊन बसले. मी मात्र ट्रेंचच्या काठावर, उन्हात, सारवणाकडे बघत बसलो. शेण खरवडून काढलं तर खालची जमीनही निघणार होती. दुसरं काही सुचत नव्हतं.

ऊन चढलं तसं सारवण वाळू लागलं. कडेकडेने फिकट झालं. मग माझ्या लक्षात आलं की सगळीकडे ते सारखं वाळत नाही. घट्ट जमिनीवरचं झटकन वाळत होतं आणि मधेमधे ओले, काळसर ठिपके उरत होते. हाताच्या पंजाएवढे, गोल, एका रांगेत. मेढींच्या खळग्यांतल्या भुसभुशीत मातीने पाणी धरून ठेवलं होतं.

"सर! कॅमेरा आणा, कॅमेरा!" आयुष्यात मी प्रमुखांवर ओरडलो ते तेवढंच.

सर धावतच आले. बुजवलेले डाग तर उमटलेच, पण आम्हाला काल न दिसलेलं उरलेलं अर्धं वर्तुळही उमटलं. पूर्ण गोल घर. ठिपके वाळून जायच्या आत सरांनी फोटो घेतले आणि मी भराभर नकाशा काढला. ठिपक्यांच्या रांगेत एकच मोठी फट होती, ते दार. ते सोनाबाईंनी दार समजून कमळ काढलं होतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूला निघालं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

"चूल कुठं व्हती वो त्या बाईची?" सोनाबाईंनी विचारलं. मी जागा दाखवली. "काय का आसंना, एकदा तरी सारवून झालं तिचं," म्हणाल्या.

आबा उठले. "वडलांच्या येळंपासनं माती नेतुया हितली. कितींची घरं शेतात पसारली आसतील, कुनाला ठावं." जाताना त्यांनी गड्याला हाक मारून गाड्यांच्या जुवांना बांधलेले दोर सोडायला सांगितले. त्या वर्षी टेकाडाची माती हलली नाही.

पुढे नोकरीभर, फोटो घेण्याआधी मी जमिनीवर पाणी शिंपडून ती वाळताना बघत बसायचो. शेण कधी वापरलं नाही. आणि मोठे साहेब येणार असले की ती बातमी सोनाबाईंना साहेब जीपमधून उतरल्यावरच कळेल, याची काळजी घेतली.